दोन पाण्यांची सीमा आणि मच्छीमार

जमिनीचा पोत पाहून पीक घ्यावे, हे कोकणातील शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. समुद्राचे पाणीही सर्वत्र सारखे नसते. परंतु या गोष्टीस आपल्या विस्तारकार्यात अद्याप योग्य स्थान मिळालेले नाही, असे आमचे मत आहे.

भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेकडे व हिवाळ्यात उत्तरेकडे वाहतो. हिवाळ्यात त्याजबरोबर बंगालच्या उपसागरातील कमी खारट पाणी केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्याने वर सरकते. अरबी समुद्राचे मूळ पाणी अधिक खारट असते. पावसाळ्यात त्याच किनाऱ्याजवळ खोलातील थंड व पोषक पाणी वर येते. अशी भिन्न पाणी जेथे एकमेकांस भिडतात, त्या सीमेवर तरंगणारे सूक्ष्म जीव साचतात. ते खाण्यास तारली व बांगडा येतात आणि त्यांच्यामागे सुरमई व कुपा येतात. फेसाची रेषा, पाण्याचा पालटलेला रंग आणि पक्ष्यांचे थवे पाहून अनुभवी तांडेल ही जागा ओळखतात.

हैदराबाद येथे १९९९ साली स्थापन झालेले भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र उपग्रहाद्वारे पाण्याचे तापमान व हरितद्रव्य पाहून संभाव्य मत्स्यक्षेत्राची सूचना देते. तीत बंदरापासूनची दिशा, अंतर व खोली सांगितलेली असते. त्यामुळे शोधात जाणारा वेळ व डिझेल वाचू शकते. ही बचत मोठ्या बोटवाल्यापेक्षा लहान होडीवाल्यास अधिक मोलाची आहे. तथापि सूचना फलकावर नुसती लावून ठेवल्यास ती त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. ग्रामकार्यकर्त्यांनी ती मच्छीमार सहकारी संस्थेत त्याच दिवशी वाचून दाखवावी व समजावून द्यावी.

मात्र तिच्या मर्यादाही स्पष्ट सांगाव्यात. आकाश ढगाळ असता उपग्रहास तापमान व पाण्याचा रंग नीट टिपता येत नाही. ही सीमा वारा व प्रवाहाबरोबर सरकते, म्हणून कालची सूचना आज उपयोगी पडेलच असे नाही. मत्स्यक्षेत्राची सूचना म्हणजे हवामानाची हमी नव्हे. वादळाचा इशारा असता होडी लोटू नये. शिवाय अशा ठिकाणी पिलेही जमतात. बारीक आसाच्या जाळ्याने ती ओढून काढणे म्हणजे बियाणे दळून खाणे होय.

मिळालेली सूचना, प्रत्यक्ष दिसलेले पाणी व हाती आलेली मासळी यांची नोंद प्रत्येक संस्थेने ठेवावी. उपग्रहास पाण्याचा पृष्ठभाग दिसतो, तर तांडेलास त्या पाण्यातील अनुभव असतो. या दोहोंची सांगड घालून देणे हेच खरे विस्तारकार्य आहे.