लहरींचे गायरान आणि कुलूपबंद पेटी

नारायणगावनजीक खोडदच्या परिसरात ४५ मीटर व्यासाच्या रेडिओ दुर्बिणी आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. एकूण ३० दुर्बिणींपैकी १४ सुमारे एका चौरस किलोमीटरमध्ये आहेत आणि उरलेल्या १६ तीन हातांवर, पंचवीस किलोमीटरच्या विस्तारात पसरल्या आहेत. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पकतेतून हा प्रकल्प साकारला, तेव्हा प्रत्येक दुर्बिणीने टिपलेला संदेश मध्यवर्ती केंद्रात आणण्यासाठी जमिनीखालून ऑप्टिकल फायबरच्या तारा नेण्यात आल्या. जुन्नरच्या मातीला या तारांची ओळख नव्वदीच्या दशकापासूनची आहे. कोट्यवधी प्रकाशवर्षांवरून आलेला क्षीण संदेश या तालुक्यात सुखरूप पोहोचतो, ही भारतीय विज्ञानाला ललामभूत ठरलेली गोष्ट आहे. त्याच तालुक्याच्या पश्चिमेला, घाटमाथ्याकडच्या वाडीतून तहसील कचेरीपर्यंत एक अर्ज मात्र सुखरूप पोहोचत नाही. ही गोष्ट कोणाला भूषणावह आहे?

जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात महादेव कोळी समाजाच्या वाड्या डोंगराच्या सोंडांवर विखुरल्या आहेत. मोबाइलचा मनोरा एका खोऱ्यात असला तर शेजारच्या खोऱ्यात त्याची सावलीही पडत नाही. २०२०-२१ च्या टाळेबंदीत शाळा मोबाइलवर भरू लागल्या, तेव्हा सह्याद्रीतील मुलांना धड्यासाठी टेकाड गाठावे लागले. त्याआधीचा, ३० जुलै २०१४ चा दिवस तर विसरता येणारा नाही. आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गाडले गेले, १५१ माणसे गेली, आणि गाव जागेवर नाही ही वार्ता बाहेरच्या जगाला कळली ती तेथे पोहोचलेल्या एसटीच्या चालकाकडून. वायफायने दरड थांबली नसती, हे उघड आहे. परंतु संकटाची बातमी एसटीच्या वेळापत्रकावर अवलंबून असावी, ही स्थिती एकविसाव्या शतकातील राज्यकर्त्यांनी कशी सोसली, हा प्रश्न राहतोच.

यावर शासनाचे उत्तर ठरलेले आहे : योजना आहे. २०११ मध्ये राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याला मंजुरी मिळाली, पुढे त्याचे ‘भारतनेट’ असे बारसे झाले आणि देशातील अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत तार नेण्याचा संकल्प सोडण्यात आला. त्याच्या रेंगाळण्यावर संसदेच्या स्थायी समितीने वेळोवेळी ताशेरे ओढले आहेत. पण येथे मुद्दा वेगळा आहे. जेथे तार आली, तेथे ती ग्रामपंचायत कार्यालयाच्या भिंतीशी येऊन थांबते. तिच्यातील प्रवाह माणसाच्या हातातील यंत्रापर्यंत नेणारी शेवटची वस्तू म्हणजे ‘ॲक्सेस पॉइंट’ ही वीतभर पेटी. ती कोठे लावायची, तिच्यात काय नोंदायचे आणि तिची किल्ली कोणाकडे राहणार, या गोष्टी तांत्रिक समजून ठेकेदाराच्या पोऱ्यावर सोपवल्या जातात. खरे राजकारण नेमके तेथेच घडते.

कुकडी प्रकल्पाचा इतिहास ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही. याच दोन तालुक्यांत पाच धरणे बांधली गेली. डिंभ्याच्या जलाशयाखाली आदिवासींची भातखाचरे गेली आणि पाणी खालच्या तालुक्यांतील उसाला मिळाले. खाली तरी सर्वांना मिळाले काय? चारीच्या टोकाच्या शेतकऱ्याला विचारावे. पाणी धरणात किती आहे यापेक्षा दार कोणाच्या हातात आहे, हे त्याला अधिक ठाऊक असते. ॲक्सेस पॉइंट हे असेच चारीवरचे दार आहे आणि ज्याच्याकडे त्याचा संकेतशब्द तो नवा पाटकरी.

वास्तविक या दारातून जे वाहते ते सगळे जनतेचे आहे. भारतनेटची तार सार्वत्रिक सेवा निधीतून आली आणि तो निधी दूरसंचार कंपन्यांवरील आकारणीतून, म्हणजे अखेर ग्राहकाच्याच खिशातून, उभा राहिला. लहरींबद्दल तर सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच त्या सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला आहे. मोबाइल कंपन्यांना आपल्या लहरी लिलावात घ्याव्या लागतात. वायफायचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा मात्र २००५ पासून देशात परवान्याविना खुला आहे, आणि २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टाही तसाच खुला झाला. ठरलेल्या शक्तीच्या मर्यादेत राहून तो कोणीही वापरावा. हे लहरींचे गायरान आहे. गायरानांचे पुढे काय होते याचा अनुभव गावाला आहे, म्हणूनच आरंभापासून लक्ष हवे.

पेटी बंद कार्यालयातील लोखंडी कपाटात ठेवली तर तिचा उपयोग संपला, कारण पत्रा लहरी अडवतो आणि जाड दगडी भिंत त्यांना दुबळे करते. ती छताखाली उंच, शाळेच्या किंवा चावडीच्या बाजूला, पावसापासून सुरक्षित हवी. मोकळ्यावर तिची पोच शंभर मीटरच्या आसपास. ५ गिगाहर्ट्झवर वेग अधिक, पण पल्ला कमी; म्हणून अंगणात बसणाऱ्यांसाठी २.४ चा पट्टाच चालू ठेवणे शहाणपणाचे. जवळपास दुसरी पेटी असल्यास १, ६ आणि ११ यांपैकी निराळी वाहिनी निवडावी, नाहीतर दोन्ही एकमेकींचा आवाज बुडवतात. दोन किलोमीटरवरच्या वाडीला यातले काहीच पोहोचणार नाही. तिच्यासाठी समोरासमोर दिसणाऱ्या दोन जागी दिशा रोखलेल्या ॲंटेना लावाव्या लागतात. हे आकाशातले तारे तोडणे नव्हे. बारावी झालेली मुलगी दोन दिवसांत शिकते.

संकेतशब्दाचा प्रश्न अधिक नाजूक. कारखान्यातून पेटीबरोबर येणारा प्रशासकाचा संकेतशब्द पहिल्याच दिवशी बदलला पाहिजे, कारण तो साऱ्या जगाला ठाऊक असतो. दार सताड उघडे ठेवण्यातही धोका आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांची जबाबदारी घेणारा ई-मेल नव्या मुंबईतील एका रहिवाशाच्या कुलूप नसलेल्या वायफायवरून गेला आणि त्या बिचाऱ्याच्या मागे तपासाचे शुक्लकाष्ठ लागले. पुढच्याच वर्षी सार्वजनिक वायफाय वापरणाऱ्याची ओळख नोंदवण्याचे निर्देश केंद्राने काढले. तेव्हा डब्ल्यूपीए-२ किंवा त्याहून नवे कुलूप हवे, आणि ग्रामपंचायतीच्या संगणकाचे जाळे लोकांच्या जाळ्यापासून वेगळे हवे, म्हणजे दप्तर सुरक्षित राहील. मात्र सुरक्षिततेचे नाव पुढे करून संकेतशब्द सरपंचाच्या भाऊबंदांपुरता ठेवण्याची युक्तीही ओळखली पाहिजे. मोबाइलवर एकदाच वापरायचा अंक मागवून आत घेण्याची पद्धत शहरात ठीक. जेथे मोबाइलला रेंजच नाही तेथे तो अंक येणार कोठून? अशा ठिकाणी वहीत नाव लिहून चिठ्ठी देणे हाच सरळ मार्ग, आणि त्याला शासनाची मान्यता मिळवणे हे आंदोलनाचे काम आहे.

डिसेंबर २०२० च्या ‘पीएम-वाणी’ योजनेने कोणाही दुकानदाराला परवान्याविना वायफाय विकण्याची मुभा दिली. मंचर-नारायणगावच्या बाजारपेठेत त्याचा उपयोग होईलही. तीस उंबऱ्यांच्या वाडीत धंदा व्हायचा नाही.

दुर्बिणीच्या बाबतीतही विवेक हवा. पुणे-नाशिक रेल्वेच्या नियोजित मार्गाचाही तिच्यामुळे फेरविचार झाला, म्हणून तिला विकासाची वैरीण ठरवणारे आवाज उठले. ते चूक आहे. ती साधारण १४५० मेगाहर्ट्झपर्यंतच्या लहरी ऐकते. वायफायचा पट्टा त्याच्या वर आहे. आयआयटी मुंबईच्या ‘ग्राममार्ग’ प्रकल्पाने पालघरच्या खेड्यांत दूरचित्रवाणीच्या मोकळ्या लहरी वापरून इंटरनेट नेले, तो प्रयोग मोलाचा. पण या लहरी दुर्बिणीच्या कानाला लागणाऱ्या आहेत, तेव्हा येथे त्याची नक्कल खोडदच्या शास्त्रज्ञांना विचारूनच करावी. विज्ञान आणि आदिवासी यांना एकमेकांसमोर उभे करणाऱ्यांचा हेतू वेगळाच असतो.

केरळने २०२३ मध्ये राज्याच्या मालकीचे फायबरचे जाळे उभे करून गरीब कुटुंबांना मोफत जोडणीचे धोरण स्वीकारले. महाराष्ट्राकडे तेवढी इच्छाशक्ती नसेल, तर निदान आहे त्या तारेचे दार लोकांच्या ताब्यात यावे. या दोन तालुक्यांचा पश्चिम भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. तेथे १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला जे अधिकार दिले आहेत, ते केवळ वनोपजाच्या ठरावापुरते का मानावेत? पेटीची जागा, संकेतशब्द सांभाळणाऱ्या दोघांची नावे (त्यांत एक स्त्री असावी), उघडे राहण्याच्या वेळा आणि बंद पडल्यास तक्रार कोणाकडे, हे विषय कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभेच्या पत्रिकेवर लेखी घालावेत. त्यातच विजेचा मुद्दा घ्यावा. पावसाळ्यात वीज जाते आणि नेमकी तेव्हाच गरज असते. पेटीला व तारेच्या टोकावरील यंत्राला मिळून लागणारी वीज एका लहान दिव्याएवढीच आहे. दुचाकीच्या बॅटरीएवढी बॅटरी त्यांना काही तास चालवते. तिच्या खरेदीचा ठराव जूनपूर्वी व्हावा.