पाचवा माणूस होता का?

श्रीरामपूरहून बेलापूरकडे येताना अंधार पडल्यावर दोघांनी एका दुचाकीवाल्याला अडवले, चाकू दाखवला आणि पैसे, मोबाईल काढून घेतले, असे समजू. रात्रीतून ही खबर ग्रुपवर फिरते. त्या दोघांना कुणी रॉबर लिहितो, कुणी स्नॅचर, कुणी डकॉइट. उजाडेपर्यंत गावात दरोडा पडलेला असतो.

तो दरोडा नव्हे. डकॉइटी म्हणायला कायद्याने किमान पाच जण लागतात. चौघांनी कितीही दहशत घातली तरी ती रॉबरीच, पोलिसांच्या कागदात जबरी चोरी. चोरी करताना मारहाण झाली, वाट अडवली किंवा तिथल्या तिथे जिवाची भीती घातली, की तिची जबरी चोरी होते. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात ती महामार्गावर घडली, तर शिक्षा 14 वर्षांपर्यंत जाते. खिशातले पाकीट गुपचूप लांबवणारा नुसता थीफ. गळ्यातले गंठण ओरबाडून पळणारा स्नॅचर. 1 जुलै 2024 ला लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्याच्यासाठी वेगळे कलम आहे, 304. थग हा शब्द इंग्रजांनी आपल्याकडूनच नेला. तिकडे आता तो कुठल्याही गुंडाला लावतात, आपला ठग मात्र गोड बोलून फसवतो. लुटारूला थग लिहू नये.

एवढा काटेकोरपणा कशाला, असे विचारणाऱ्यांना मी प्रवरेच्या वरच्या अंगाला, अकोले तालुक्यात नेईन. तिथल्या देवगावचे राघोजी भांगरे इंग्रज सरकारविरुद्ध उठले. सरकारने त्यांना दरोडेखोर ठरवले आणि 2 मे 1848 रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली. पुढे 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरत गेल्या. तो कायदा 1952 मध्ये गेला, पण कुठे दरोडा पडल्याची आवई उठली की गावाची नजर अजूनही आधी पारध्यांच्या पालाकडे वळते. मला याची फार चीड येते. दोन पोरांनी केलेल्या लुटीला दरोडा म्हटले, की न दिसलेली टोळी लोक मनाने उभी करतात आणि तिला चेहराही देऊन टाकतात.

म्हणून लिहिणाऱ्याने आधी फिर्याद वाचावी: किती जण होते, हत्यार होते का, मारले की नुसते हिसकावले. तेवढे कळेपर्यंत ‘लुटले’ लिहावे. आणि आरोपीची जात मुळीच लिहू नये.