घाटावरची वीज आधी तपासा

१३ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे भोपाळच्या छोट्या तलावात, खटलापुरा घाटाजवळ, गणेशविसर्जनाच्या वेळी नाव उलटून ११ तरुण बुडाले. अवजड मूर्ती, नावेतली गर्दी, अंगावर नसलेली लाइफ जॅकेट ही कारणे सगळ्यांना दिसत होती, म्हणून त्यांवर चर्चा झाली आणि चौकशीही लागली. पाण्यात उतरलेली वीज मात्र डोळ्यांना दिसत नाही आणि जीव घेतल्यावर बहुधा मागे खूणही ठेवत नाही. भोपाळमध्ये विसर्जनाच्या रात्री घाटांवर फ्लडलाइट लागतात, जनरेटर चालतात, ओल्या पायऱ्यांवरून तात्पुरत्या वायरी जातात. उन्हाळ्यात जलतरण तलाव मुलांनी भरतात आणि त्यांच्या कडेला पंप व दिवे चालू असतात. अशा प्रत्येक ठिकाणी लोक पाण्यात उतरण्याआधी विजेची तपासणी झाली पाहिजे आणि तिची नोंद लोकांना वाचता येईल अशी लावली पाहिजे.

हा धोका गोड्या पाण्यात अधिक असतो. समुद्राचे खारे पाणी तलावाच्या पाण्यापेक्षा शंभर पटींहून अधिक सहज वीज वाहून नेते, त्यामुळे तिथे गळती झालेली वीज माणसाच्या शरीराला वळसा घालून जाते. तलावात उलटे होते. माणसाचे शरीर गोड्या पाण्यापेक्षा चांगले वाहक असल्याने विजेला शरीरातूनच सोपी वाट मिळते. त्यासाठी प्रवाहही फार लागत नाही. दहा-पंधरा मिलिअँपिअरला स्नायू आखडू लागतात, हात-पाय ऐकेनासे होतात आणि पट्टीचा पोहणाराही बुडू शकतो. याच्या कित्येक पट प्रवाह गळत असला तरी साधा १६ अँपिअरचा एमसीबी पडत नाही, कारण तो वायर तापू नये म्हणून बसवलेला असतो. माणसासाठी लागते ते ईएलसीबी किंवा आरसीसीबी. ते गेलेला आणि परतलेला प्रवाह सतत ताडून पाहते आणि ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की ०.३ सेकंदाच्या आत पुरवठा तोडते.

‘आजवर इथे असे कुठे घडले?’ हा पहिला आक्षेप ऐकू येईल. पण पाण्यात शॉक लागून बुडालेल्या माणसाच्या अंगावर भाजल्याची खूण अनेकदा नसते. शवविच्छेदनात फुप्फुसात पाणी सापडते आणि कागदावर ‘बुडून मृत्यू’ एवढेच येते. आपल्या देशात दरवर्षी ३० हजारांहून अधिक माणसे बुडून मरतात. त्यांतल्या किती जणांना आधी शॉक लागला होता, हे त्या आकड्यातून कळू शकत नाही. म्हणून नोंद नाही एवढ्यावरून धोका नाही असे ठरत नाही. अमेरिकेत बोटींच्या धक्क्यांजवळ झालेल्या अशा मृत्यूंकडे नीट पाहिले गेले, तेव्हा या प्रकाराला स्वतंत्र नाव मिळाले आणि तिथल्या विद्युत संहितेने २०१७ च्या आवृत्तीत धक्क्यांच्या पुरवठ्यासाठी ३० मिलिअँपिअरची मर्यादा घातली.

दुसरा आक्षेप असा की भोपाळचा बडा तलाव एवढा विशाल, त्यात थोडी वीज उतरली तर ती विरून जाईल. लांबवर ती विरते हे खरे आहे. पण लोक तलावाच्या मध्यावर उतरत नाहीत. ते घाटाच्या पायरीवर, लोखंडी कठड्याला धरून, म्हणजे वायर, पंप आणि दिवे जिथे असतात तिथेच उतरतात. आणि धोका एकट्या पाण्याचा नसतो. जुलै २०२३ मध्ये उत्तराखंडातील चमोली येथे अलकनंदेकाठच्या सांडपाणी प्रकल्पात लोखंडी कठड्यात वीज उतरली आणि १६ जण दगावले.

पाण्यातला व्होल्टेज ओळखून दिवा लावणारी आणि भोंगा वाजवणारी तरंगती उपकरणे आता मिळतात. ती जरूर घ्यावीत, पण त्यांच्यावर विसंबू नये. गळती अनेकदा पंप सुरू झाला की येते आणि बंद झाला की जाते. सकाळी हिरवा दिवा दाखवणारे पाणी संध्याकाळी घातक ठरू शकते. घरातला टेस्टर तर या कामाचाच नाही. म्हणून आधी ३० मिलिअँपिअरचे ईएलसीबी, सगळ्या धातूच्या भागांना जोडणारे अर्थिंग आणि पाण्यातल्या दिव्यांना १२ व्होल्टचा पुरवठा हवा. त्यानंतर सर्व पंप व दिवे चालू ठेवून क्लॅम्प मीटरने गळती मोजावी, आणि पाण्यातले उपकरण शेवटचा पहारेकरी म्हणून ठेवावे.

ईएलसीबी वारंवार पडते, विसर्जनाच्या ऐन गर्दीत अंधार होईल, हा तिसरा आक्षेप व्यवहारातला आहे. सगळा घाट एकाच ईएलसीबीवर टाकला तर तसे होईलही. दिव्यांच्या रांगा वेगवेगळ्या सर्किटवर घेतल्या तर एकच रांग विझेल. शिवाय जे ईएलसीबी वारंवार पडते ते बहुधा खरी गळती दाखवत असते. त्याला वळसा घालून वायर जोडणे म्हणजे धोका माहीत असूनही तो लोकांच्या अंगावर सोडणे.

जबाबदारी कुणाची, हा प्रश्नही मोकळा राहिलेला नाही. पावसाचे पाणी साचलेल्या रस्त्यावर तुटून पडलेल्या जिवंत तारेने एका सायकलस्वार कामगाराचा जीव गेला, तेव्हा मध्य प्रदेश विद्युत मंडळाविरुद्धच्या त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सांगितले की, धोकादायक वस्तू पुरवणाऱ्याला ‘दुसऱ्या कुणीतरी तार ओढली होती’ असे म्हणून सुटता येणार नाही. तो निकाल भरपाईपुरता होता. त्यामागची जबाबदारीची कल्पना घाटावरही लागू व्हायला हवी, आणि तीही मृत्यूच्या आधी. महापालिकेने पुढच्या गणेशोत्सवापूर्वी प्रत्येक विसर्जन घाटावर आणि प्रत्येक सार्वजनिक जलतरण तलावावर एक फलक लावावा: तपासणीची तारीख, मोजलेली गळती आणि तपासणाऱ्या परवानाधारक तंत्रज्ञाचे नाव. विसर्जन मंडळांनीही तो फलक पाहिल्याशिवाय आपली मुले पाण्यात उतरवू नयेत.