अन्नपूर्णेची पत

अन्नदान हें पुण्यकर्म, असें आपण म्हणतों. परंतु अन्न विकून संसार चालविणाऱ्या स्त्रीस प्रतिष्ठा देत नाहीं, ही विसंगति आम्हांस खटकते. मुंबईच्या गिरणगांवांतील खानावळवाल्यांचेंच उदाहरण घ्या. जेवणारा कामगार पैसे देई महिन्यानें. वाण्याची उधारी व सावकाराचें व्याज मात्र रोज वाढे. हातीं पाककौशल्य असूनहि भांडवलाअभावीं या बायका कर्जांत बुडत.

श्रीमती प्रेमाताई पुरव यांनीं हें मर्म ओळखलें. गोवामुक्तीच्या लढ्यांत व कामगार चळवळींत तावून निघालेल्या या बाईंनीं १९७५ सालीं अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापिलें व १९६९ सालीं राष्ट्रीयीकृत झालेल्या बँकांचीं दारें ठोठावलीं. तारण नव्हतें, तेव्हां बायकाच गट करून एकमेकींस जामीन राहिल्या. पुढें १९८२ च्या संपांत गिरण्या थंडावल्या, गिऱ्हाईक तुटलें; तरी मंडळाच्या स्वयंपाकघरांतून बाहेर जेवण पुरविण्याचें काम चालू राहिलें. २००२ सालीं सरकारनें प्रेमाताईंस पद्मश्री देऊन गौरविलें.

रांधणें बायकांस येतच होतें. प्रेमाताईंनीं त्यांस पत मिळवून दिली. सुनेच्या हातची चव वाखाणणाऱ्या आमच्या गृहस्थ वाचकांनीं तिच्या हातीं हिशेबाची वहीहि द्यावी, एवढेंच आमचें सांगणें.