उपशाचा हिशेब आधी कोणाचा?

शेतकरी बंधूंनो, सावकाराच्या चोपडीत आपल्या नावावर किती निघाले, हे आपण मरेपर्यंत विसरत नाही. पण गावाच्या पोटातून रोज पाणी किती निघते आणि ते काढतो कोण, हे कोणत्या चोपडीत लिहिले आहे? सातबाऱ्यावर विहीर असते, बोअर पुष्कळदा नसते, आणि उपशाला तर तेथे रकानाच नाही.

१८८२ सालच्या सुविधाधिकाराच्या कायद्याने ठरवून टाकले की, आपल्या हद्दीत मुरलेले पाणी जमीनमालकाने हवे तितके काढावे. म्हणजे ज्याला जमीन नाही त्या कुंभाराला, परटाला, मजुराला पाण्यावर बोलायला तोंडच नाही! पुढे महाराष्ट्राचा २००९ चा भूजल कायदा १ जून २०१४ पासून लागू झाला. विहिरींची व बोअर पाडणाऱ्या यंत्रवाल्यांची नोंदणी त्यात आहे. ६० मीटरहून खोल विहिरींना आळा घालण्याचा अधिकारही आहे. कागद चांगला आहे. तो आपल्या चावडीपर्यंत किती आला, हे ज्याने त्याने आपल्या गावात पाहावे.

केंद्राने २४ सप्टेंबर २०२० रोजी नियम काढून कारखान्यांच्या उपशावर मीटर बसविण्याची सक्ती केली. शेती मात्र सोडली. आता देशात जमिनीतून निघणाऱ्या पाण्याच्या शंभर भागांपैकी सुमारे ८७ भाग शेतीलाच लागतात. तेव्हा मोठा उपसा हिशेबाबाहेरच राहिला. गरीब शेतकऱ्याला सोडले हे योग्यच झाले. पण ‘शेतकरी’ या एका नावाच्या घोंगडीखाली दोघे निजले आहेत. एकाची चाळीस फुटी विहीर, अर्धा एकर कांदा. दुसऱ्याचे पाचशे फुटांचे पाच बोअर आणि नजर पोचणार नाही एवढा ऊस. आपला काळा पाषाण पाणी धरतो तो वरच्या मुरमात आणि भेगांत. त्याच भेगांतून खालचा बोअर ओढू लागला की शेजारची विहीर फाल्गुनातच तळ दाखविते. मग पहिल्याची बायको घागर घेऊन दुसऱ्याच्या बांधावर उभी राहते.

लहान-मोठा निवडणे अवघड आहे, असे साहेब लोक म्हणतात. मग २०२४ साली फुकट विजेसाठी साडेसात अश्वशक्तीची रेघ कशी ओढता आली? तशीच रेघ पाण्यालाही ओढा. मात्र पंप मोजू नका, मालक मोजा. नाहीतर एकाच वाड्यात पाच नावांचे पाच पंप निघतील! रेघेवरच्यांना मीटर बसवा आणि आकडा ग्रामसभेत मोठ्याने वाचा. नगरकडील हिवरे बाजारात पावसानंतर पाण्याचा ताळेबंद मांडून मग पिके ठरवितात, सिंचनासाठी बोअर पाडू देत नाहीत. तेथे हे कोणी बॅरिस्टरांनी केले नाही.

आमच्या शाळेतील मुले दर सोमवारी गाठी मारलेली दोरी विहिरींत सोडून पाण्याची खोली शाळेच्या भिंतीवर लिहितात. एका मोठ्या बागाईतदारांनी विचारले, ‘मास्तर, हे कशाला?’ मुलांनी त्यांच्याच बोअरचा उपसा विचारला, तेव्हा ते पान थुंकून निघून गेले. भिंतीवर त्यांच्या नावापुढची जागा आम्ही रिकामी ठेविली आहे.