गाडी नवी, ओझे जुनेच



दिल्लीत नोकरीला असलेल्या आपल्या रेल्वे व टपाल बांधवांना सरोजिनी नगर सांगायला नको. जुने नाव विनय नगर. सरकारी क्वार्टर्स, कपड्यांचा बाजार आणि रिंग रेल्वेचे लहानसे स्थानक. २०१६ मध्ये केंद्र सरकारने दिल्लीतील सात सरकारी वसाहती नव्याने बांधायचे ठरवले, त्यात ही वसाहतही होती. क्वार्टर्स रिकामे झाले तेव्हा कपाटे, पलंग आणि भांड्यांची पोती कशातून गेली? पिकअपमधून. बाजारातल्या कपड्यांच्या गाठीही पिकअपमधूनच येतात.

या गाड्यांवरून एक वाद नेहमी ऐकू येतो. एक म्हणतो, जुन्या गाडीसारखे लोखंड आता राहिले नाही. दुसरा म्हणतो, जुनी गाडी म्हणजे धुराचे धुराडे, मोडीत काढा. आमच्या मते दोघेही गाडीकडे बाहेरून पाहतात. मालगाडीची परीक्षा दोघांनीच करावी : जो ती चालवतो त्याने आणि जो तिच्यात ओझे चढवतो त्याने.

या परीक्षेत जुनी गाडी काही बाबतींत उत्तम गुण मिळवते. 'टेम्पो' हा शब्दच आपल्याकडे एका जर्मन कंपनीच्या नावावरून, १९५८ मध्ये निघालेल्या बजाज टेम्पोमुळे रुळला. पुढे त्याच कंपनीची मॅटाडोर आली. १९८६ मध्ये टाटा ४०७ आली. पुणे परिसरातल्या कामगारांच्या हातांनी या गाड्या घडवल्या. मॅटाडोरचा हौदा खाली होता, हमालाला गाठ छातीच्या वर उचलावी लागत नसे. बिघाड झाला तर पाने-पक्कड घेतलेला मिस्त्री रस्त्याच्या कडेला तो दुरुस्त करी, आणि संध्याकाळची खेप चुकत नसे.

पण त्याच गाडीचा धूर पहिल्यांदा कुणाच्या छातीत जाई? चालकाच्या आणि हमालाच्या. जड स्टेअरिंग ओढून खांदे कुणाचे दुखत? इंजिनाची धग मे महिन्यात कोण सोसत असे? जुन्याचे गोडवे गाताना हे विसरून चालणार नाही.

नवी गाडी याहून निश्चित बरी. एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ चे नियम लागू झाले आणि डिझेलमधले गंधक पन्नास भागांवरून दशलक्षात दहा भागांवर आले. धूर कमी झाला, ब्रेक सुधारले, स्टेअरिंग हलके झाले. पण याच गाडीच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारी जाळी असते. तिच्यातली काजळी जळून जायला गाडी काही वेळ सलग वेगाने पळावी लागते. स्टेशन ते बाजार, बाजार ते गोदाम अशा चार किलोमीटरच्या खेपांत तो वेग मिळायचा कुठे? मग जाळी तुंबते, दिवा लागतो, गाडीचा जोर उतरतो. पाने-पक्कडीने काम होत नाही, संगणक लावावा लागतो आणि दिवस बुडतो. शहरातल्या छोट्या खेपांना सीएनजीची गाडी अधिक सोयीची, पण तिच्या टाकीचे वजन मालाच्या वजनातून वजा होते.

आता मोठमोठ्या चाकांचे, दोन ओळी सीटांचे, लाखोंच्या किमतीचे पिकअपही रस्त्यावर दिसतात. त्यात माणसांची जागा वाढली आणि हौदा आखूड झाला. अमेरिकेतही पिकअपचे हेच झाले. जपानने मात्र उलट केले. तिथल्या छोट्या ट्रकला ६६० सीसीचे इंजिन आणि ३५० किलोची मर्यादा, पण हौदा खाली आणि फाळके तिन्ही बाजूंनी उघडणारे. गाडी कामासाठी आहे की मिरवण्यासाठी, हे हौद्याकडे पाहून कळते.

खरा प्रश्न पुढेच आहे. नवी गाडी घ्यायची कुणाच्या पैशाने?

आपल्या रेल्वेचेच पाहा. १९९५ मध्ये ब्रॉडगेजवरची वाफेची इंजिने संपली. डिझेल आले, वीज आली. त्यासाठी संघटनांना झगडावे लागले, पण नव्या इंजिनाची किंमत कुणी फायरमनच्या पगारातून कापली नाही. त्याला नवे काम शिकवले गेले. पिकअपवाल्याला मात्र आपले इंजिन स्वतःच बदलायचे आहे.

राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१५ मध्ये दिल्ली व परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी केली. ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. ऑगस्ट २०२५ मध्ये अशा गाड्यांच्या मालकांवरील कारवाई थांबवली गेली आणि डिसेंबरमध्ये ही सवलत बीएस-४ व त्यापुढच्या गाड्यांपुरती उरली. पाच वर्षे हप्ते फेडणाऱ्याला दहा वर्षांच्या नियमात कमाईची पाचच वर्षे मिळतात.

हवा स्वच्छ हवी, याबद्दल आमचे दुमत नाही. पण जुलै १९९८ मध्ये याच दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाने सीएनजीचा आदेश दिला, तेव्हा रिक्षा-टॅक्सी बदलण्यासाठी आर्थिक प्रोत्साहनही त्यात सांगितले होते. आज काय आहे? जुलै २०२५ मध्ये केंद्राने विजेच्या ट्रकसाठी ९ लाख ६० हजारांपर्यंतचे प्रोत्साहन जाहीर केले, ते साडेतीन टनांवरच्या गाड्यांना. २०२५ पासून नव्या ट्रकला वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, तीही साडेतीन टनांवरच. साडेतीन टनांखालच्या चालकाला ऊन लागत नाही काय? १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास ठरवले, पण पाच कामगार असलेल्या आस्थापनेतच. नोव्हेंबर २०२५ मध्ये तो कायदा नव्या संहितेत जिरला. एकट्याने गाडी चालवणारा तेव्हाही उघड्यावर होता, आजही आहे.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. स्वतःची गाडी चालवणाऱ्याला बदलीसाठी अनुदान आणि बिनव्याजी कर्ज द्या. लहान गाडीच्या केबिनलाही उष्णतेचे नियम लावा. रेल्वे पार्सल आणि टपालाच्या ठेक्यात गाडीचे वय विचारता, तसे चालकाचे तास आणि वेतनही लिहा. हौद्याची उंची ठरवताना हमालाची कंबर मोजा.

आपण म्हणाल, पिकअपवाला आपल्या संघटनेचा सभासद नाही. खरे आहे. पण आपले पार्सल आणि आपल्या टपालाच्या थैल्या शेवटच्या टप्प्यात त्याच्याच हाती जातात. त्याची मजुरी घसरली की उद्या ठेकेदार तोच दर दाखवून आपले काम मागेल. येत्या शाखा सभेत हे ठराव मांडा. गाडी नवी येवो, पण तिच्या खाली माणूस चिरडला जाऊ नये.