माशांच्या घराची सजावट

काचेपलीकडचा मासा पाहावयाचा तर पूर्वी मुंबई गाठावी लागे. 1951 साली मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडले, आणि आपल्या गावोगावच्या कितीतरी मुलांनी आयुष्यातील पहिला रंगीत मासा तेथेच पाहिला. आता काळ पालटला आहे. मुले जिला ‘फिश टँक’ म्हणतात ती काचेची पेटी आपल्या ओटीवर आणि बैठकीच्या खोलीत येऊन बसली आहे. पेटीबरोबर काही मुक्या जिवांची जबाबदारीही घरात येते, तिचा विचार मात्र क्वचितच होतो. त्या जबाबदारीविषयी आज दोन शब्द लिहावे असे आमच्या मनात आहे.

काही दिवसांपूर्वी आम्ही बडोद्यास गेलो होतो. आमच्या परिचयाचे एक वसईकडील कुटुंब नोकरीनिमित्त तेथील गोरवा भागात राहते. त्यांच्या घरी पाऊल टाकले तो घरात अवकळा पसरलेली. पेटीतील सहा माशांपैकी चार तीन दिवसांत मेले होते. आजीबाईंचे मत पडले की कोणा शेजारणीची दृष्ट लागली. आईने दुकानदाराला बोल लावला. दहा वर्षांचा मुलगा मात्र कोपऱ्यात गप्प बसून होता. दोन दिवस तो धड जेवलाही नव्हता.

आम्ही त्यास जवळ बसविले. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, “फादर, मीच मारले ना मासे?” मे महिन्यात आजोळी गेला असता त्याने अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर पिशवीभर शंखशिंपले गोळा केले होते. माशांनाही आपल्या गावासारखे घर असावे, या प्रेमाने त्याने ते सारे पेटीत मांडले. आणि हिरवळ हवी म्हणून फाटकाजवळच्या कण्हेरीची एक फांदीही रोवली.

त्या लेकराला आम्ही आमचीच एक गोष्ट सांगितली. सेमिनरीत असताना बागेतील नव्या सिमेंटच्या हौदाचे काम आमच्याकडे होते. हौद बांधून होताच आम्ही तो भरला आणि उत्साहाने त्यात मासे सोडले. सकाळी सारे मासे पाण्यावर उलटे तरंगत होते. म्हाताऱ्या माळ्याने आम्हांस एकच वाक्य ऐकविले: “मासा हौदात राहत नाही, पाण्यात राहतो.” नव्या सिमेंटचा क्षार पाण्यात उतरतो, हौद अनेक दिवस भिजवून, पाणी पुन्हा पुन्हा बदलून मगच त्यात जीव सोडावा, एवढे साधे ज्ञान आम्हांस नव्हते. प्रेम होते, ज्ञान नव्हते. आणि मासे मेले ते मेलेच.

त्या माळ्याचे वाक्य हेच सजावटीचे सारे शास्त्र होय. वस्तू डोळ्यांस कशी दिसते हा प्रश्न दुसरा. ती पाण्यास काय देते हा पहिला. आपण हवा श्वासात घेतो तसा मासा पाणी घेतो. जे पाण्यात विरघळते, कुजते किंवा पाझरते ते थेट त्याच्या कल्ल्यांत जाते.

शंखशिंपले म्हणजे चुनाच. तो पाण्यात हळूहळू उतरतो आणि पाणी जड व क्षारयुक्त करतो. गप्पीसारख्या माशांस ते सोसते, मऊ पाण्यातील नाजूक माशांस सोसत नाही. परंतु चुन्याने तीन दिवसांत चार मासे मरत नाहीत. आम्ही शंख एकेक करून हुंगले. एकाच्या पोटात किड्याचे मांस अजून शिल्लक होते व ते सडले होते. सडण्यातून अमोनिया उत्पन्न होतो, आणि तो माशांस विष आहे. कण्हेर तर मुळापासून फुलापर्यंत विषारी. दोहोंपैकी कशाने घात केला हे सांगणे कठीण. दृष्टीने केला नाही, एवढे निश्चित. हे ऐकून आजीबाई थोड्या ओशाळल्या, आणि शेजारीण एका खोट्या आरोपातून सुटली.

वाचकहो, वनस्पतींचा हा गुण आपल्या वाडवडिलांस चांगला ठाऊक होता. गेळाची फळे ठेचून डोहात टाकली की मासे गुंगून वर येतात, हे डोंगराकडील लोक जाणतात. गेळ, रिठा, हिंगणबेट यांत साबणासारखा फेसाळ पदार्थ असतो; तो कल्ल्यांस इजा करतो. शेराचा चीकही तसाच घातक. तेव्हा बागेतील कोणतीही डहाळी ‘हिरवी आहे’ एवढ्यावरून पेटीत रोवू नये. दुकानात पाण्यातील म्हणून मिळणारी काही रोपेही वस्तुतः जमिनीवरची असतात. ड्रॅसीना, क्रोटन, लकी बांबू ही पूर्ण बुडविली की काही आठवड्यांत सडू लागतात. मनीप्लांट लावावयाचाच तर मुळे पाण्यात व पाने बाहेर, अशा रीतीने लावावा.

मग लावावे काय? फितीसारख्या लांब पानांची वॅलिसनेरिया आणि हायड्रिला या दोन्ही आपल्याच देशातील तळ्यांत वाढणाऱ्या वनस्पती आहेत, आणि बाजारातही मिळतात. वॅलिसनेरियाची मुळे वाळूत पुरावी, पण पाने जेथून फुटतात तो गड्डा वर ठेवावा. जावा फर्न व अनुबियास यांस प्रकाश थोडा लागतो. त्यांचा जाड आडवा कंद पुरू नये, दगडास दोऱ्याने बांधावा. रोपे कारखान्यांच्या सांडपाण्याजवळील तळ्यातून आणू नयेत. कोठूनही आणली तरी पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यात दहा मिनिटे ठेवून, स्वच्छ धुऊन मगच लावावी. म्हणजे गोगलगाईंची अंडी व रोग बऱ्याच अंशी टळतात. दाटीही फार करू नये, कारण रात्री वनस्पतीही पाण्यातील प्राणवायू घेतात. शेणखत किंवा शेतातील माती तर पेटीत मुळीच घालू नये.

दगडांच्या बाबतीत बडोदेकर भाग्यवान आहेत. पावागडाचा काळा बसाल्ट, ओरसंग नदीची रेती, खंबायतचा अकीक, या वस्तू पाण्यात जवळजवळ काहीच सोडत नाहीत. रेती मात्र पाणी नितळ येईपर्यंत धुवावी. छोटा उदेपूरकडचा पांढरा डोलोमाइट आणि संगमरवर टाळावा. दगडाची परीक्षा घरच्या घरी होते: त्यावर लिंबू पिळावे, बुडबुडे आले तर त्यात चुना आहे. डोलोमाइट या परीक्षेत सहज फसवितो, म्हणून आधी कानशीने थोडी भुकटी काढावी व तीवर लिंबू पिळावे. रंगविलेले खडे, प्लास्टरचे पुतळे, तांब्यापितळेची नाणी यांस पेटीत स्थान नाही. तांबे माशांस व गोगलगाईंस विषासमान आहे.

खर्चाविना होणारी सजावटही थोडी नाही. उकळून घासलेली नारळाची करवंटी, बिनरंगाच्या मडक्याचा तुकडा, यांच्या आड मासा निर्धास्त लपतो. लाकूड जुने व कठीण असावे. ते उकळून काही आठवडे भिजवावे. ओले, चिकाचे अथवा कडुनिंबाचे लाकूड नको. अंगणातील देशी बदामाचे गळून वाळलेले पान धुऊन टाकल्यास पाण्यास चहासारखा रंग येतो. त्याने भिऊ नये, काही माशांस असे पाणी मानवते.

आणखी एक गोष्ट. पेटीचा कंटाळा आला म्हणून त्यातील रोपे वा मासे तळ्यात, ओढ्यात सोडणे हे दयेचे कृत्य नव्हे. जलपर्णी दक्षिण अमेरिकेतून शोभेसाठी आली आणि आपली तळी गिळून बसली. काच साफ करणारा म्हणून विकला जाणारा काळा खरबरीत मासाही तिकडचाच, आणि आपल्या नद्यांत तो आता पसरत आहे. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचे पाणी बडोद्याच्या घराघरांत शिरले, ते अनेकांस आठवत असेल. गटारात टाकलेली काडी अशा पुराने नदीस जाऊन मिळते. आणि त्या नदीत मगरी, कासवे, मासे यांचे आपले घर आहे. नको झालेली रोपे उन्हात वाळवून खतात घालावी, मासे दुकानास अथवा दुसऱ्या पाळणाऱ्यास द्यावे.

त्या दिवशी आम्ही मुलासह पेटीतील बरेचसे पाणी बदलले. नळाचे पाणी आदल्या रात्रीपासून बादलीत उघडे ठेवले होते. करवंटी आजीबाईंनी स्वतः घासून दिली. नवे मासे लगेच आणू नयेत, पाण्यातील घाण पचविणारे सूक्ष्म जीव पेटीत स्थिरावण्यास काही आठवडे लागतात, हे त्यास समजावून सांगितले, आणि त्याने ते मानले.

परवा त्याच्या वडिलांचा फोन आला. उरलेले दोन्ही मासे खुशाल आहेत. अर्नाळ्याचे शंख मुलाने टाकून दिलेले नाहीत. धुऊन, वाळवून पेटीशेजारच्या फळीवर ओळीने मांडले आहेत. गावाची आठवण काचेच्या या बाजूला आणि माशांचे पाणी त्या बाजूला, अशी त्याची नवी व्यवस्था आहे. आमच्या मते ती अगदी योग्य आहे.